निर्यातबंदीवर वाद घालायचाय? आधी पट्टी बघा

मी पिंपळगाव बसवंतला एका कांदा निर्यातदाराच्या खळ्यावर, म्हणजे माल निवडायच्या आवारात, कागदपत्रं सांभाळतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचा (माल कीड-रोगमुक्त असल्याचा) दाखला, शिपिंग बिल आणि दिवसभर न्हावाशेवा बंदरातल्या कस्टम ब्रोकरला फोन. घरचा साडेतीन एकर कांदा निफाड तालुक्यात, तो दादा बघतो. थोरली बहीण, आक्का, डोंबिवलीला दिलेली. दाजींचं पोळीभाजी केंद्र आहे, त्यांना रोज पाच-सहा किलो कांदा लागतो. त्यामुळे दिल्लीहून कांद्याबद्दल एखादी अधिसूचना निघाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संसद भरते. दादा म्हणतो मारलं सरकारने. आक्का म्हणते बरं झालं एकदाचं. आणि आमचे शेठ मला विचारतात, "कंटेनर बंदराच्या गेटच्या आत आहे का बाहेर?"

तिघंही आपापल्या जागी खरं बोलतात. या तिघांच्या मध्ये बसून वाद ऐकायची माझी एक पद्धत झाली आहे, ती सांगतो. कांद्याच्या निर्यातीवर बोलायचं असेल, मग ते पारावर असो की टीव्हीसमोर, तर ती उपयोगी पडेल. तुम्ही कुठल्या पक्षाचे आहात याने फरक पडत नाही.

पहिलं काम: तारीख विचारा

"निर्यातबंदीने शेतकरी संपला" किंवा "निर्यातबंदी केली म्हणून भाव आटोक्यात आला" असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, कुठली बंदी? कारण अशा बऱ्याच झाल्यात आणि प्रत्येकीची कुंडली वेगळी आहे. २९ सप्टेंबर २०१९ ची बंदी रविवारी आली, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या तीन आठवडे आधी, आणि उठली मार्च २०२० मध्ये. पुढची १४ सप्टेंबर २०२० ला, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला बंदी नाही, ४० टक्के निर्यात शुल्क. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरला पूर्ण बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून आणि नंतर पुढच्या आदेशापर्यंत. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही शून्य.

ही यादी मी एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. समोरच्याने २०१९ चे पूर आणि २०२३ चा दुष्काळ एकाच वाक्यात कोंबले की पान उघडायचं.

हत्यार कुठलं ते ओळखा

बंदी, शुल्क आणि किमान निर्यात मूल्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी काढतं. शुल्क अर्थ मंत्रालयाकडून येतं. बातम्यांत तिन्हीला "निर्बंध" म्हणतात आणि पुढे जातात. पण दादाच्या खिशापर्यंत पोचायची प्रत्येकाची वाट निराळी.

शुल्काचा हिशोब करून बघू. आकडे सोयीचे घेतो. लिलावात कांदा २० रुपये किलोने घेतला. निवड, गोणी, हमाली, बंदरापर्यंतचं भाडं, वाटेतली घट धरून ८ रुपये. जहाजावर चढेपर्यंत २८. त्यावर ४० टक्के, म्हणजे ११ रुपये २० पैसे. झाले ३९ च्या वर. दुबईचं गिऱ्हाईक म्हणतं, मी फार तर ३१ देईन, नाहीतर पाकिस्तानचा घेतो. आता व्यापारी उलटा हिशोब मांडतो. ३१ भागिले १.४, आले २२ रुपये १४ पैसे. त्यातून खर्चाचे ८ वजा, उरले १४. उद्या सकाळी तो लिलावात १४ च्या पुढे बोली लावणार नाही. म्हणजे शुल्क भरलं शेठने, पावती शेठच्या नावाने, पण त्यातले सहा रुपये गेले दादाचे आणि तीन सोसले परदेशी गिऱ्हाइकाने. "शुल्क तर व्यापाऱ्यावर आहे, शेतकऱ्याला काय?" असं कुणी म्हणालं की हा भागाकार त्याच्यासमोर करा. मी तीनदा केलाय, तीनदाही समोरच्याने विषय बदलला.

मे २०२४ चा आणखी एक हिशोब. बंदी उठली म्हणून ढोल वाजले. ५५० डॉलरवर ४० टक्के म्हणजे ७७० डॉलर टन. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरने किलोला जवळजवळ ६४ रुपये, आणि जहाजाचं भाडं वेगळं. बाजारसमितीत तेव्हा कांदा होता वीसच्या आसपास. दार उघडलं होतं, पण उंबरठा छातीएवढा.

शुल्कात आणखी एक मेख आहे, ती ही कामं करणाऱ्यालाच कळते. सौदा कधी झाला, पैसे कधी आले, हे कस्टम बघत नाही. माल चढवायची परवानगी ज्या दिवशी देतात त्या दिवसाचा दर लागतो. १९ ऑगस्ट २०२३ ला शनिवार होता. आमचे दोन कंटेनर कोलंबोला निघालेले. एकाची परवानगी दुपारीच मिळाली होती. दुसरा गेटबाहेरच्या रांगेत. २९ टन माल, किलोला २८ धरले तरी आठ लाखांवर किंमत, त्याचे ४० टक्के म्हणजे सव्वातीन लाख. गिऱ्हाइकाने हात वर केले. शेठ तासभर कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो कंटेनर परत खळ्यावर आला, माल ओतला, पुन्हा निवडला आणि देशी बाजारात गेला. रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, भाडं आणि जनरेटरचा खर्च बसला तो वेगळाच. त्या दोन कंटेनरांत एकाच शेतातला कांदा होता.

डिसेंबरच्या बंदीत निदान वाटेतल्या मालाची सोय लिहिली होती: जहाजावर चढवायला सुरुवात झालेली असेल, किंवा शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलेलं असेल, किंवा माल आधीच कस्टमच्या ताब्यात गेला असेल तर जाऊ द्या. म्हणून अधिसूचना वाचताना पहिली ओळ सगळेच वाचतात, तुम्ही शेवटचे परिच्छेद वाचा.

मग विचारा: त्या दिवशी कांदा कुणाच्या ताब्यात होता?

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन अडतो, आणि चर्चेत बसलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. कांदा एक नाही. पोळ, म्हणजे खरिपाचा लाल कांदा, साधारण ऑक्टोबरपासून येतो. मागून रांगडा, जानेवारी ते मार्च. आणि उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मे निघतो. देशाच्या वर्षभराच्या कांद्यातला ७० ते ७५ टक्के हा उन्हाळ, म्हणजे रब्बीचाच असतो. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकतो तो फक्त उन्हाळ. लाल कांद्याला अंगात पाणी फार आणि पत्ती, म्हणजे वरची साल, पातळ. काढला की तीन-चार आठवड्यांत विकायचा, नाहीतर कोंब येतो किंवा सडतो.

आता ऑगस्ट २०२३ आणि डिसेंबर २०२३ शेजारी ठेवा.

ऑगस्टमध्ये बाजारात होता चाळीतला उन्हाळ. ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, पोरीचं लग्न होतं, त्याने तो एप्रिल-मेमध्येच मिळेल त्या भावाने विकला होता. त्या साली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतका झोपला की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं, तेही शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात ५१२ किलो कांद्याचे खर्च वजा जाता २ रुपये पडले, ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, देशभर फिरली. म्हणजे ऑगस्टमध्ये कांदा उरला होता थांबू शकणाऱ्यांकडे: चाळवाले मोठे शेतकरी आणि व्यापारी. आमचाही होता. शंभर क्विंटल भरले की ऑगस्टपर्यंत पंचाहत्तर उरतात, काजळी आणि सड यांत बाकीचा जातो. म्हणून वाढलेला भाव हा काही निव्वळ नफा नसतो. तरीही मी दादाला तोंडावर सांगितलं की ऑगस्टच्या शुल्कावर सरकारची बाजू काही प्रमाणात समजू शकते. पाऊस गायब होता. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. खरिपाच्या लागणी लांबल्या होत्या. शिवाय शुल्क लावल्यावर तीन दिवसांत नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने आणखी २ लाख टन खरेदीची घोषणा झाली. ती खरेदी कशी झाली, कुणाच्या मालाला काय प्रत लावली, यावर आमच्याकडे वेगळं भांडण होईल, पण घोषणा तरी होती.

डिसेंबरमध्ये बाजारात होता लाल. तो थांबत नाही, शेतकरी थांबत नाही. ज्याने कमी पावसात टँकरचं पाणी घालून जगवला त्याचाच माल त्याच आठवड्यात ट्रॉलीत होता. बंदी आली गुरुवारी रात्री. शुक्रवारी लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडला, सोमवारी तिथे शरद पवार येऊन बसले. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हाची दादाची पट्टी माझ्याकडे आहे. बंदीच्या आदल्या ट्रॉलीला क्विंटलला ३,५२० लागला होता. नंतरच्या ट्रॉलीला, त्याच वावरातल्या, त्याच निवडीच्या मालाला, २,११०. चाळीस क्विंटलची ट्रॉली. गुणाकार तुम्ही करा, मला नको वाटतो.

म्हणून ऑगस्टच्या निर्णयावर मी वाद घालायला तयार असतो आणि डिसेंबरच्या निर्णयाला चुकीचा म्हणतो. कागदावर दोन्ही "ग्राहकहितासाठी"च होते.

भावाचा आकडा ऐकला तर तो कुठला ते तपासा

"लासलगावला कांदा ५,५००!" अशी पट्टी टीव्हीवर सरकते. बाजारसमिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल हा एखाद्याच नगाचा, म्हणजे ट्रॉलीचा असतो, गोल, रंगदार, डबल पत्तीच्या मालाचा. किमानमध्ये गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल). सर्वसाधारण बघायचा, आणि सोबत आवक किती नग होती ते. हंगामाच्या मुहूर्ताचा भाव तर धरूच नका. तिथे हार घालून, नारळ फोडून पहिल्या ट्रॉलीला हौसेने बोली लागते, दुसऱ्या ट्रॉलीपासून खरा बाजार. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे दर असतात, फुकट आहेत.

आक्काकडचा आकडा उलट्या बाजूने फसवतो. डोंबिवलीत ६० झाले म्हणजे दादाला ५० मिळत असतील असं तिला वाटायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाने कांद्यावर खर्चलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात असं निघालं. उरलेले सगळे दलाल खातात असंही नाही. त्यात घट आहे, गाडीभाडं आहे, हमाल आहे, भाजीवालीचा सडका कांदा आहे.

"निर्यात जातेच किती? आठ टक्के!"

हा मुद्दा हमखास येतो, आणि आकडा खरा आहे. २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला, उत्पादन होतं ३०० लाख टनांच्या घरात. मग एवढ्याशाने भाव का कोसळावा?

सकाळी लिलावात उभे राहून बघा. ट्रॉलीभोवती दहा व्यापारी असतात, त्यातले दोघे-तिघे निर्यातीचे. चांगल्या मालाला शेवटपर्यंत बोली ओढतात ते हेच. ते मागे सरले की उरलेल्यांना घाई नसते. नाशिकच्या एकाच पट्ट्यातून निर्यातीचा मोठा हिस्सा जातो, तेव्हा देशाचे आठ टक्के आमच्या बाजारात आठ टक्के राहत नाहीत. आणि भाव नेहमी शेवटच्या गोणीवर ठरतो.

आक्काचं म्हणणं नीट ऐका

आमच्याकडे शेतकऱ्याची बाजू घेणारे इथे घसरतात. "शहरवाले पिझ्झ्याला पाचशे देतात आणि कांद्याला रडतात." हे वाक्य टाळ्या घेतं, पण दाजींच्या केंद्रात जेवायला येणारा रिक्षावाला पिझ्झा खात नाही. रोज सहा किलो कांदा ३० चा ६० झाला तर महिन्याला पाच हजारांवर जास्त लागतात. दाजी ताटाचे दर वाढवू शकत नाहीत. वाढवले तर समोरचा वडापाववाला गिऱ्हाईक नेतो. जुन्या, २०१२ च्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्काही नव्हतं, पण रोज पिशवीत पडणाऱ्या वस्तूचा भाव माणूस निर्देशांकावर मोजत नाही. १९९८ मध्ये दिल्लीत सुषमा स्वराज यांचं सरकार गेलं त्यात कांद्याचा वाटा होता, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. आणि २०२४ च्या लोकसभेला आमच्या कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, तेव्हा हिशोब दुसऱ्या बाजूनेही होतो हे दिसलं.

मी आक्काला एवढंच म्हणतो की तुला स्वस्त कांदा मिळावा हे मान्य. पण तो स्वस्तपणा दादाच्या खिशातून द्यायचा की सरकारच्या, हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने साठ्यातला १,६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला नेला आणि ३५ रुपयांनी विकला. त्याचा खर्च सगळ्यांच्या करातून जातो. बंदीचा खर्च फक्त निफाड, येवला, चांदवड, देवळा असल्या तालुक्यांतून. शेतकरी संघटनेचे शरद जोशी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच सांगत होते, त्यांनी त्याला उणे सबसिडी म्हटलं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्याऐवजी त्याच्याकडूनच काढलेली. आक्का अजून पूर्ण पटली नाही. तिचं म्हणणं, रेल्वेचा कांदा डोंबिवलीत कधी उतरला ते दाखव. हे उत्तर माझ्याकडे नाही.

सीमेपलीकडचं एक पान

बांगलादेश अनेक वर्षं आपलं मोठं गिऱ्हाईक राहिलेलं. सप्टेंबर २०१९ ची बंदी आली तेव्हा तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना काही दिवसांनी दिल्लीत होत्या. त्या भर कार्यक्रमात हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवा. सगळे हसले. वर्षभरात पुन्हा बंदी आली, न कळवता, आणि ट्रक सीमेवर उभे राहिले.

पण ते काही बिचारे नाहीत. आपल्या शेतकऱ्यांचा कांदा निघाला की तेही परवाने थांबवतात. मार्च २०२३ मध्ये थांबवले ते जूनमध्ये सोडले. त्यांनी ग्राहकाचं रडणं पत्करून शेतकरी सांभाळला, आपण शेतकऱ्याचं पत्करून ग्राहक. तेव्हा "मुक्त व्यापार" हा शब्द कुणी वापरला तर कुणाचा आणि कुठल्या महिन्यातला, हे विचारायला हरकत नाही.

बंदीतल्या सवलतीही वाचा. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि इथे आग लागली. दोन दिवसांत सहा देशांना मिळून ९९,१५० टनांचं प्रसिद्धीपत्रक आलं. तो माल एका राष्ट्रीय सहकारी संस्थेमार्फत जाणार होता. आमच्या खळ्यावर त्या आठवड्यात बायका निवडायला आल्या, तासभर बसल्या आणि डबे न उघडता परत गेल्या.

शेवटी, पुढाऱ्याला काय विचारायचं

"बंदी घालणार का?" हा प्रश्न वाया जातो, सगळे नाहीच म्हणतात. मी चार प्रश्न कागदावर लिहून नेतो. बंदी घालायची वेळ आलीच तर ती भाव कितीवर गेल्यावर, आणि तो आकडा लागणीच्या आधी सांगणार का? किती दिवस आधी कळवणार? वाटेत असलेल्या मालाचं काय? आणि बाजारात लाल कांदा असताना बंदी घातली तर फरक कोण भरणार?

२०२४ च्या प्रचारात आमच्या गावच्या सभेत एका उमेदवाराला हे विचारले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वाचला आणि म्हणाले, "आम्ही कायम शेतकऱ्याच्या पाठीशी आहोत." मागून एक म्हातारबाबा ओरडले, "पाठीशी नको बाबा, तारीख सांग." तारीख काही मिळाली नाही. एका कार्यकर्त्याने माझा मोबाईल नंबर मात्र लिहून घेतला, त्यावर अजून दर सणाला शुभेच्छा येतात.